प्राणवायूचे विघटन आणि पिकांवरील अदृश्य छत्र

वैशाखाच्या अखेरीस दुपार कलली की वळवाचा ढग बांधू लागतो. कापसाच्या गंजीसारखा तो पाहता पाहता उंच चढतो. काही वेळाने मात्र त्याची वाढ थांबते, माथा सपाट होतो आणि लोहाराच्या ऐरणीप्रमाणे तो आडवा पसरतो. हे दृश्य प्रत्येक शेतकऱ्याच्या पाहण्यातील आहे; परंतु एवढ्या जोमाने वर जाणारा ढग त्याच उंचीवर का अडतो, याचा विचार क्वचितच केला जातो. त्या उंचीवर जणू एक अदृश्य झाकण असते. हे झाकण, आणि त्याच्याही वर पसरलेले एक संरक्षक छत्र, ही दोन्ही एकाच घटनेशी निगडित आहेत. सूर्याच्या तीव्र किरणांनी हवेतील प्राणवायूचे रेणू फुटणे ही ती घटना होय.

ही घटना आपल्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंच घडत असली तरी तिचा शेतीशी दुहेरी संबंध आहे. तिच्यामुळेच उघड्या रानात पीक उभे राहू शकते; आणि शेतात वाया गेलेल्या नत्रखताचा काही अंश तेथपर्यंत पोचून त्या छत्राची झीज करतो. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकऱ्यांनी ती समजून घेणे अगत्याचे आहे.

प्राणवायूची जोडी

कोरड्या हवेच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नत्रवायू आणि २१ भाग प्राणवायू, म्हणजे ऑक्सिजन, असतो. हा प्राणवायू सुट्या अणूंच्या रूपात नसतो. त्याचे दोन अणू एकमेकांना घट्ट धरून राहतात व त्या जोडीस रेणू म्हणतात. आपण श्वासावाटे घेतो तो हाच जोडीचा प्राणवायू. पिकांची मुळे मातीच्या पोकळ्यांतून घेतात तोही हाच.

ही जोडी फार बळकट असते. चुलीच्या नुसत्या उष्णतेने किंवा उन्हाळ्याच्या कडक उन्हाने ती सुटत नाही. ती तोडण्यास विशिष्ट मर्यादेहून अधिक शक्ती एकाच वेळी मिळावी लागते. अशी शक्ती सूर्यप्रकाशाच्या केवळ एका लहानशा भागात असते.

किरणांची ताकद

सूर्याकडून येणारा प्रकाश एकसारखा नसतो. इंद्रधनुष्यात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग दिसतात, ते त्याचे दृश्य भाग. जांभळ्याच्याही पलीकडे डोळ्यांना न दिसणारे जे किरण असतात त्यांना जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतात. प्रकाश लहरींच्या रूपाने प्रवास करतो आणि त्या लहरींची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. अतिनील किरणांची ४०० पेक्षा कमी असते. तरंगलांबी जितकी आखूड, तितकी किरणाची ताकद अधिक, हा येथील मुख्य नियम आहे.

प्रकाशाची शक्ती लहान लहान कणांच्या रूपाने येते व त्या कणांना प्रकाशकण म्हणतात. एका वेळी एकच प्रकाशकण एका रेणूवर काम करतो. प्राणवायूची जोडी फोडावयाची तर त्या एकट्या कणाची तरंगलांबी सुमारे २४२ नॅनोमीटर किंवा त्याहून कमी असावी लागते. ४८४ नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशकणात याच्या निम्मीच शक्ती असते.

एखाद्या शेताला चार फूट उंचीचे कुंपण आहे असे समजावे. दोन फूट उडी मारणाऱ्या शंभर शेळ्या कुंपणाशी आल्या तरी त्यांतील एकही आत शिरत नाही. चार फुटांहून उंच उडी घेणारे एकच जनावर आले तर ते सहज आत जाते. निळा, हिरवा, तांबडा प्रकाश कितीही प्रखर असला तरी प्राणवायू त्याला दाद देत नाही. आखूड लहरींचा एकच अतिनील कण मात्र जोडी फोडून दोन सुटे अणू मोकळे करतो. कडक उन्हातही आपल्याभोवतीचा प्राणवायू अभंग राहतो, याचे कारण हेच. इतक्या आखूड लहरींचे किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत.

विघटन कोठे होते?

वातावरणाचा खालचा थर, ज्यात ढग, वारा व पाऊस असतो, त्यास तपांबर म्हणतात. आपल्या उष्ण प्रदेशात तो सुमारे १६ ते १७ किलोमीटर उंचीपर्यंत असतो. त्याच्यावर सुमारे ५० किलोमीटरपर्यंत स्थितांबर पसरलेले आहे. त्याहूनही वर, १०० किलोमीटरच्या पलीकडे, हवा अत्यंत विरळ असून तेथे प्रखर किरणांमुळे प्राणवायू मोठ्या प्रमाणावर सुट्या अणूंच्या रूपातच आढळतो.

वरून येणारे अतिनील किरण प्राणवायू फोडण्यात खर्ची पडत जातात. पाटाचे पाणी वरच्या वाफ्यांनी घेतले की शेवटच्या वाफ्यास ते पोचत नाही, तसेच येथे घडते. फार उंचावर किरण मुबलक, पण हवा विरळ. खाली हवा दाट, पण कामाचे किरण संपलेले. या दोहोंच्या मध्ये, स्थितांबरात, किरणही पुरेसे असतात आणि प्राणवायूही पुरेसा असतो. तेथेच ओझोन साठतो. उष्ण प्रदेशात सुमारे २५ किलोमीटर उंचीच्या आसपास त्याचे प्रमाण सर्वांत अधिक असते.

सुट्या अणूचे पुढे काय होते?

जोडी फुटून निघालेला प्राणवायूचा अणू फार काळ एकटा राहत नाही. तो शेजारच्या अखंड रेणूला जाऊन चिकटतो व तीन अणूंचा नवा रेणू तयार होतो. त्यास ओझोन म्हणतात. चिकटताना जी जादा शक्ती मोकळी होते, ती काढून नेण्यास त्याच वेळी तिसरा रेणू, बहुधा नत्रवायूचा, जवळ असावा लागतो. अन्यथा नवी बांधणी लगेच सुटते. फार उंचावरील विरळ हवेत असा तिसरा सोबती सहजी मिळत नाही, म्हणून तेथे ओझोन थोडाच असतो.

ओझोनची बांधणी जोडीच्या प्राणवायूइतकी घट्ट नसते. ज्या किरणांपुढे प्राणवायू दाद देत नाही, त्या सुमारे ३१५ नॅनोमीटरपर्यंतच्या किरणांनाही ओझोन शोषून घेतो आणि स्वतः फुटतो. फुटून पुन्हा एक रेणू व एक सुटा अणू होतो. तो अणू पुन्हा दुसऱ्या रेणूस चिकटून ओझोन बनवतो. मोटेचे चाक जसे सतत फिरत राही, तसे हे चक्र दिवसभर फिरते. प्रत्येक फेऱ्यात घातक किरणांचे रूपांतर निरुपद्रवी उष्णतेत होते. अधूनमधून सुटा अणू ओझोनशीच भिडतो, तेव्हा दोन साधे प्राणवायूचे रेणू तयार होऊन चक्रातून ओझोनचा एक रेणू कमी होतो. निर्मिती व नाश यांचा मेळ बसून ओझोनचा साठा टिकतो. हा उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ सिडनी चॅपमन यांनी १९३० साली मांडला.

या उष्णतेमुळे स्थितांबर वरवर अधिकाधिक ऊबदार होत जाते. तपांबराच्या माथ्याशी तपमान सुमारे उणे ८० अंश सेल्सियस असते, तर ५० किलोमीटर उंचीवर ते शून्य अंशाच्या आसपास येते. वर चढणारी ढगातील हवा सभोवतालच्या हवेहून उबदार असेपर्यंतच वर जाते. स्थितांबराशी पोचताच भोवतालची हवाच अधिक उबदार लागते आणि ढगाचा मार्ग खुंटतो. वळवाच्या ढगाचा सपाट माथा ही या अदृश्य झाकणाची खूण होय.

छत्र किती जाड?

हे छत्र अतिशय पातळ आहे. ओझोन जेथे सर्वांत अधिक असतो तेथेही हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे आठ-दहा रेणूच आढळतात. वातावरणातील सर्व ओझोन जमिनीवर आणून नेहमीच्या दाबाखाली पसरला, तर त्याचा थर सरासरी तीन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बाजरीच्या दाण्याएवढा, जाड भरेल. आपल्या उष्ण प्रदेशात तो याहूनही थोडा पातळ असतो, कारण येथे तयार झालेला ओझोन उंचावरील वारे ध्रुवांकडे वाहून नेतात. शिवाय आपल्याकडे सूर्य माथ्यावर असतो. या दोन्ही कारणांनी येथील उन्हात अतिनील किरणांचे प्रमाण मुळातच अधिक असते.

भारतात या विषयाचा अभ्यास जुना आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक डॉ. के. आर. रामनाथन यांचे ओझोनविषयक कार्य जगन्मान्य झाले. भारतीय हवामानशास्त्र विभागाने पुण्यासही ओझोनची मापने केलेली आहेत.

पिकांशी असलेला संबंध

अतिनील किरणांचे तीन वर्ग मानतात. २८० नॅनोमीटरहून आखूड किरण सर्वांत घातक. ते प्राणवायू व ओझोन मिळून संपूर्ण अडवतात. २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण ओझोन बऱ्याच अंशी अडवतो. थोडे खाली येतात. त्याहून लांब लहरींचे किरण बहुतेक सर्व जमिनीवर पोचतात. हे शेवटचे किरण शत्रू नव्हेत. मधमाशीला ते दिसतात व सूर्यफुलासारख्या फुलांवरील, आपल्याला न दिसणारी नक्षी तिला त्यांच्यामुळेच ओळखता येते.

मधल्या वर्गातील किरण वाढले तर पेशींच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्यास इजा होते. पाने लहान व जाड होतात, झाडाची उंची खुंटते आणि अन्न तयार करण्याचा वेग मंदावतो. काही पिके पानांत संरक्षक द्रव्ये तयार करून तग धरतात, काहींना ते तितके साधत नाही. माणसांत कातडीचे रोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. गुरांच्या डोळ्यांनाही अपाय पोचतो.

या छत्राचे मूळही एका वनस्पतीसदृश जीवातच आहे. प्रारंभी पृथ्वीच्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता. भात खाचरात नत्र स्थिर करण्यासाठी जे निळे-हिरवे शेवाळ वापरतात, त्याच्या पूर्वजांनी समुद्रात सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने प्राणवायू सोडण्यास आरंभ केला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, त्यातून ओझोन तयार झाला, आणि छत्र पुरेसे झाल्यावर उघड्या जमिनीवर वनस्पतींना पसरणे सुकर झाले.

जमिनीलगतचा ओझोन

येथे एक गैरसमज टाळावा. उंचावरील ओझोन रक्षक असला तरी श्वासात येणारा ओझोन विषारी आहे. वेल्डिंगच्या ठिणगीजवळ जो तिखट वास येतो त्यात ओझोनचा वाटा असतो. पाणी निर्जंतुक करण्याच्या काही अतिनील दिव्यांतून १८५ नॅनोमीटरचे किरण निघतात. त्यांच्यामुळे दिव्यालगतच्या हवेतील प्राणवायू फुटून तसाच वास येतो. स्थितांबरात घडणारी क्रियाच तेथे लहान प्रमाणात घडते.

मोटारींचा धूर आणि काडीकचरा जाळल्याने होणारा धूर यांत नायट्रोजन डायऑक्साईड असतो. हा वायू साध्या उन्हातही फुटतो व सुटा झालेला प्राणवायूचा अणू जमिनीलगत ओझोन बनवतो. हा ओझोन पानांच्या छिद्रांतून आत शिरून पेशी जाळतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २००५ या एका वर्षात देशात यामुळे सुमारे ३५ लाख टन गहू व २१ लाख टन भात कमी पिकला.

छत्रास लागलेली गळती

विसाव्या शतकात शीतपेट्या व फवाऱ्यांच्या डब्यांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन हे वायू सर्रास वापरात आले. ते खाली निरुपद्रवी असतात. परंतु स्थितांबरात अतिनील किरण त्यांनाही फोडतात व त्यांतून क्लोरीन सुटतो. हा क्लोरीन स्वतः न संपता ओझोनचे असंख्य रेणू नष्ट करतो, असे मारिओ मोलिना व शेरवुड रोलँड यांनी १९७४ साली दाखविले. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावरील ओझोन वसंत ऋतूत झपाट्याने घटत असल्याचे जाहीर केले. १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल येथे आंतरराष्ट्रीय करार झाला व १९९२ साली भारत त्यात सामील झाला. धान्य व मातीच्या धुरीसाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड वायूही या कराराखाली आला. विकसनशील देशांत २०१५ पासून त्याचा वापर थांबला. आयात-निर्यातीच्या मालाच्या धुरीपुरती सवलत राहिली.

या उपायांना यश आले आहे. दक्षिण ध्रुवावरील छत्र २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. एक गळती मात्र या कराराच्या बाहेर राहिली आहे, आणि तिचा उगम बऱ्याच अंशी शेतात आहे.

शेतातून वर जाणारा वायू

युरिया जमिनीत पडला की त्याचा प्रथम अमोनिया व नंतर सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने नायट्रेट होतो. या रूपांतरात थोडा नायट्रस ऑक्साईड वायू निसटतो. जमिनीत पाणी साचून हवा कोंडली की दुसऱ्या प्रकारचे जंतू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात व पुन्हा हाच वायू सुटतो. निचरा मंद असलेल्या काळ्या जमिनीत मोठ्या पावसानंतर ही क्रिया जोर धरते.

ढोबळ मानाने घातलेल्या नत्राचा शंभरावा भाग असा जातो, असे मानतात. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २०.७ किलो नत्र असते. त्याच्या शंभराव्या भागापासून सुमारे ३२५ ग्रॅम नायट्रस ऑक्साईड होतो. ही रक्कम लहान वाटते. पण हा वायू खालच्या हवेत नष्ट होत नाही व शंभराहून अधिक वर्षे टिकतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या शंभर कोटी भागांत तो सुमारे २७० भाग होता. आज ३३० च्या वर गेला आहे.

हळूहळू तो स्थितांबरात पोचतो. तेथे त्याचा बराचसा भाग अतिनील किरणांनी फुटून निरुपद्रवी नत्रवायू होतो. परंतु ओझोन फुटून निघालेल्या जोमदार अणूशी गाठ पडली तर काही भागापासून नायट्रिक ऑक्साईड तयार होतो. तो ओझोनचा एक अणू हिरावून घेतो, तो अणू सोडून पुन्हा मोकळा होतो, आणि पुन्हा पुढील ओझोनवर जातो. पॉल क्रुट्झेन यांनी १९७० साली हे दाखवून दिले. मोलिना व रोलँड यांच्यासह त्यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मनुष्याच्या हातून आज हवेत सोडल्या जाणाऱ्या ओझोननाशक वायूंत नायट्रस ऑक्साईडचा वाटा सर्वांत मोठा असल्याचे आढळले.

शेतकऱ्याने काय करावे?

याचा अर्थ नत्रखत सोडून द्यावे असा मुळीच नाही. नत्राशिवाय पीक नाही. परंतु पिकाने उचलले नाही असे नत्र हे शेतकऱ्याच्या खिशातूनही जाते व छत्राचीही झीज करते. गरजेहून अधिक खत घातल्यास हा वायू निसटण्याचे प्रमाण अधिकच वाढते. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. माती तपासून शिफारशीप्रमाणेच नत्र द्यावे. पीक अधिक हिरवे दिसावे म्हणून जादा गोणी टाकू नये.

२. नत्र एकदम न देता हप्त्यांनी द्यावे. बागायती गव्हास निम्मे पेरणीच्या वेळी व निम्मे तीन आठवड्यांनी द्यावे. उसास लागणीच्या वेळी १० टक्के, ६ ते ८ आठवड्यांनी ४० टक्के, १२ ते १६ आठवड्यांनी १० टक्के व मोठ्या बांधणीच्या वेळी ४० टक्के अशी विभागणी करावी.

३. पाणी साचलेल्या रानात किंवा मोठा पाऊस तोंडावर असताना युरिया टाकू नये. पाण्याचा निचरा करून वाफसा आल्यावर तो ओळीलगत द्यावा व मातीआड करावा.

४. युरियास निंबोळी तेलाचे लेपन असते. देशात तयार होणाऱ्या सर्व युरियास ते २०१५ पासून बंधनकारक आहे. त्यामुळे नत्राचे रूपांतर सावकाश होते. मात्र लेपन आहे म्हणून मात्रा वाढवू नये.

५. तूर, मूग, हरभरा यांसारखी द्विदल पिके फेरपालटीत किंवा आंतरपीक म्हणून घ्यावीत व पुढील पिकाच्या नत्राचा हिशेब त्याप्रमाणे करावा.

६. उसाचे पाचट व काडीकचरा जाळू नये. तो कुजवून जमिनीस द्यावा. त्याने धूर टळतो आणि जमिनीचा पोतही सुधारतो.

विस्तार कार्यकर्त्यांनी खताच्या हप्त्याची वेळ सांगताना हे कारणही समजावून द्यावे. नुसती शिफारस विसरली जाते. कारण उमगले की ती ध्यानात राहते. प्राणवायूचा रेणू फोडण्याचे काम सूर्य कोट्यवधी वर्षे करीत आहे व पुढेही करील. त्यातून उभे राहिलेले छत्र मात्र बाजरीच्या दाण्याएवढेच जाड आहे. एका गोणीने ते फाटत नाही, तसे एका गोणीच्या बचतीने ते सांधलेही जात नाही. पण लाखो शेतांचा हिशेब तेथे एकत्र मांडला जातो. पिकाच्या मुळाशी पोचलेले नत्र धान्य होऊन घरी येते. वाफसा पाहून, हप्ता मोडून खत देणारा शेतकरी आपले पैसे वाचवितो आणि आपल्या पिकावरील छत्रही राखतो.